फॉरमॅट मारण्याआधी: प्रोग्रामला उघडतानाच सांगायच्या गोष्टी

वर्ड उघडतं आणि दोन सेकंदांत बंद होतं. ब्राउझर सुरू होतो, पण खिडकी नुसतीच काळी. असं काही झालं की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत मिळणारा सल्ला बहुतेक वेळा एकच असतो: फॉरमॅट मारून घ्या, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने घाला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली, आरतीची पुस्तिका आणि भजनी सप्ताहाच्या पत्रिका छपाईला जायच्या, आणि नेमका त्याच वेळी डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं जुळवायच्या, संगणकावर फॉरमॅट मारायचा! फायली पेनड्राइव्हवर काढून ठेवता येतात. पण विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं जमत गेलेले, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट कुणाच्या लक्षात राहत नाहीत. ते गेले की जुनी पत्रिका उघडल्यावर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो.

माझं म्हणणं असं की, फॉरमॅटचा विचार करण्याआधी एक तपासणी झालीच पाहिजे. तिला पैसे लागत नाहीत, काही पुसलं जात नाही आणि ती कुणालाही जमते. प्रोग्राम उघडतानाच त्याला सांगायचं: सोबतचं सगळं सामान बाजूला ठेव आणि नुसता सुरू हो.

वर्डवरच करून पाहू. कळफलकावर विंडोजचं बटण आणि आर हे अक्षर एकत्र दाबलं की डाव्या कोपऱ्यात ‘रन’ची छोटी चौकट येते. तिथे वर्डचं आतलं नाव टाइप करायचं: विनवर्ड, रोमन लिपीत, सलग. मग एक जागा सोडायची. मग प्रश्नचिन्हाच्याच कळीवर असते ती तिरकी रेघ, आणि तिला चिकटून एस-ए-एफ-ई, म्हणजे सेफ. एंटर दाबलं की वर्ड उघडतं आणि वरच्या पट्टीत ‘सेफ मोड’ असं लिहिलेलं दिसतं. या अवस्थेत वर्ड कुठलंही ॲड-इन, म्हणजे त्याला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, सोबत घेत नाही, मेनूत आपण केलेले बदल घेत नाही, ऑटोकरेक्टची यादीही घेत नाही.

आता वर्ड नीट चाललं, तर अर्थ स्पष्ट आहे. वर्ड ठणठणीत आहे, बिघाड त्याच्यावर लादलेल्या एखाद्या गोष्टीत आहे. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स या वाटेने जायचं आणि एकेक ॲड-इन बंद करत वर्ड नेहमीसारखं उघडून पाहायचं. ज्याच्यापुढची खूण काढल्यावर वर्ड सुधारलं, ते दोषी. सेफ मोडमध्येही वर्ड कोसळलं, तर मात्र बिघाड खोलवर आहे, मग ऑफिसची दुरुस्ती किंवा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारा प्रोग्राम, याकडे वळावं लागेल. दोन्हींपैकी काहीही निघालं तरी शोधायची जागा निम्म्याने कमी झाली, आणि हार्ड डिस्कला हातही लावावा लागला नाही.

काही प्रोग्रामांत हेच काम कळ दाबून ठेवून होतं. कंट्रोल दाबून वर्डच्या आयकॉनवर क्लिक केलं, तर ते सेफ मोडबद्दल विचारतं. फायरफॉक्ससाठी शिफ्ट. कोरलड्रॉ उघडताना एफ-8 दाबून ठेवलं की त्याची मांडणी मूळपदावर येते, आणि फोटोशॉपला कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट तिन्ही एकदम दाबले की तो जुन्या सेटिंग्ज पुसू का म्हणून विचारतो. या शेवटच्या दोघांत मात्र आपली सवयीची मांडणी खरोखरच जाते, तेव्हा ते वापरण्याआधी थोडं थांबावं.

हे चालतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सवर काम सुरू केलं. पुढे रिची यांनी घडवलेल्या सी भाषेत ही सोय पायातच घातलेली आहे. सी भाषेतल्या प्रत्येक प्रोग्रामचं काम ‘मेन’ नावाच्या भागापासून सुरू होतं, आणि त्या भागाच्या हातात सुरुवातीलाच दोन गोष्टी पडतात: किती शब्द आले आहेत याची संख्या, आणि त्या शब्दांची यादी. यादीतला पहिला शब्द सहसा प्रोग्रामचं स्वतःचं नाव असतो. पुढचे शब्द म्हणजे आपण सांगितलेल्या गोष्टी. खिडकी काढण्याच्या, सेटिंग्जची फाइल वाचण्याच्याही आधी प्रोग्राम ही यादी पाहू शकतो. म्हणून उघडतानाच कोसळणाऱ्या प्रोग्रामलाही या वाटेने गाठता येतं. त्याच्या सेटिंग्जच्या मेनूपर्यंत आपण पोचूच शकत नाही, पण ही ओळ त्याच्यापर्यंत पोचते.

आणि ती फक्त त्या वेळेपुरती असते. संगीत नाटकाच्या प्रयोगाआधी विंगेत नटाला सांगावं, आज दुसऱ्या अंकातलं पद गाळ, तसं. संहितेत काही खोडलेलं नसतं. बहुतेक प्रोग्रामांत क्रम असा असतो: आधी कारखान्यातून आलेल्या मूळ सवयी, त्यांच्यावर सेटिंग्जच्या फाइलमध्ये लिहिलेलं, आणि त्या सगळ्यावर उघडताना दिलेली सूचना.

खरं तर आपण रोज हे करत असतो. एखाद्या फाइलवर डबल क्लिक करतो, तेव्हा विंडोज त्या प्रकारच्या फाइलसाठी ठरलेला प्रोग्राम सुरू करतं आणि त्याच्या नावापुढे त्या फाइलचा पूर्ण पत्ता जोडून देतं. डबल क्लिक ही त्याच यंत्रणेची रोजची वाट आहे. विंडोजमध्ये ही सगळी ओळ एकसंध मजकूर म्हणून जाते. तिची कमाल लांबी 32,767 अक्षरं, आणि तिचे तुकडे करायचं काम प्रोग्रामकडे. लिनक्समध्ये मात्र तुकडे आधीच सुटे करून दिले जातात. तुकडे पाडायची खूण म्हणजे मधली मोकळी जागा. इथेच घोळ होतो. ‘चवथ पत्रिका’ अशा नावाची फाइल अवतरणचिन्हांशिवाय दिली, तर प्रोग्राम आधी ‘चवथ’ शोधतो, मग ‘पत्रिका’ शोधतो, आणि दोन्ही सापडत नाहीत. ‘प्रोग्राम फाइल्स’ या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरच्या नावातच अशी जागा आहे, म्हणून त्याचा पत्ता नेहमी दुहेरी अवतरणचिन्हांत असतो.

कुठे तिरकी रेघ आणि कुठे आडव्या रेघा, याला इतिहास आहे. युनिक्सने सूचनेपुढे आडवी रेघ लावायची प्रथा पाडली. लांब शब्दांपुढे दोन रेघा ही पुढे ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने रूढ केली. मायक्रोसॉफ्टच्या डॉसने 1981 मध्ये सूचनांसाठी तिरकी रेघ घेतली होती. 1983 मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा फोल्डरांची नावं जोडायला युनिक्सप्रमाणे हीच रेघ वापरणं सोयीचं झालं असतं, पण ती आधीच अडकलेली. म्हणून विंडोजच्या पत्त्यांत आजही उलट्या बाजूला झुकलेली रेघ दिसते. वर्ड जुन्या घराण्यातलं, त्याला तिरकी रेघ. क्रोमला दोन आडव्या.

तीच सूचना दर वेळी द्यायची असेल, तर ती शॉर्टकटमध्ये लिहून ठेवायची. मूळ आयकॉनला हात न लावता त्याची एक प्रत करावी, तिला ओळखीचं नाव द्यावं. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘टार्गेट’ नावाची चौकट. क्रोमच्या शॉर्टकटमध्ये तिथे एक लांब ओळ असते: सुरुवातीला दुहेरी अवतरणचिन्ह, मग सी ड्राइव्हपासून क्रोमच्या फाइलपर्यंतचा पत्ता, मग अवतरणचिन्ह बंद. आपली सूचना या शेवटच्या चिन्हाच्या बाहेर जाते, मध्ये एक जागा सोडून. आत लिहिली तर विंडोज लगेच सांगतं की टार्गेटमधलं नाव बरोबर नाही. याहून फसवी चूक वेगळीच आहे. सूचना व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डच्या फायलीतून कॉपी केलेली असते, आणि वाटेत कुठेतरी दोन छोट्या आडव्या रेघांची मिळून एक लांब रेघ झालेली असते. डोळ्यांना फरक जाणवत नाही. प्रोग्राम मात्र तिला सूचना मानत नाही. त्यातून क्रोमचा स्वभाव असा की अनोळखी किंवा चुकीच्या स्पेलिंगची सूचना तो काही न बोलता सोडून देतो. म्हणून रेघा हाताने टाइप कराव्यात, आणि मग ॲड्रेस बारमध्ये क्रोम, अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि व्हर्जन असं लिहून एंटर दाबावं. येणाऱ्या पानावर ‘कमांड लाइन’ ही ओळ असते. तुमची सूचना तिथे दिसली, तर ती पोचली.

काळ्या किंवा लुकलुकणाऱ्या खिडकीसाठी इथे पहिली सूचना करून पाहायची ती ‘डिसेबल-जीपीयू’, म्हणजे चित्रं काढायला ग्राफिक्स कार्डाची मदत घेऊ नकोस. तिने खिडकी सुधारली, तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे बोट जातं. तो बदलायचा आणि सूचना काढून टाकायची. ती कायम ठेवली तर व्हिडिओ पाहताना सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो.

पण मला सगळ्यात आवडणारी सूचना ‘किऑस्क’. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडपात आरतीच्या वेळा आणि देणगीदारांची नावं दाखवायला एखादा पडदा लावलेला असतो, आणि त्यावर ब्राउझरच्या टॅबा, मागच्या शोधांची यादी, कोपऱ्यात येणारी नोटिफिकेशन्स असं सगळं उघडं पडतं. टार्गेटच्या शेवटी दोन रेघा आणि किऑस्क, मग एक जागा, मग आपल्या पानाचा पत्ता. ब्राउझर थेट पूर्ण पडदाभर उघडतो, वर पट्टी नाही, काही नाही. त्याच ओळीत इन्कॉग्निटोची सूचनाही घातली की जुनी लॉगिन आणि कुकीज सोबत येत नाहीत. बाहेर पडायला ऑल्ट आणि एफ-4. भाद्रपदात आपल्याकडे पाऊस असतो आणि वीजही जाते. म्हणून तो शॉर्टकट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवावा. रनच्या चौकटीत शेल, अपूर्णविराम, स्टार्टअप असं लिहिलं की तो फोल्डर उघडतो. वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा ही सोय बऱ्याच संगणकांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, असते. पासवर्ड न विचारता लॉगिन होईल अशी व्यवस्था केली, की मंडपातल्या कार्यकर्त्याला धावत यावं लागत नाही. कळफलक तेवढा काढून ठेवावा, कारण किऑस्क म्हणजे कुलूप नव्हे.

एक अडचण जवळपास सगळ्यांना येते. सूचना बरोबर लिहिलेली असते, तरी क्रोम नेहमीसारखाच उघडतो. कारण क्रोम आधीच चालू असतो. नवा क्रोम सुरू झाला की तो पाहतो, हीच प्रोफाइल वापरणारा दुसरा क्रोम आहे का. असला, तर तो फक्त ‘नवी खिडकी उघड’ एवढा निरोप देतो आणि स्वतः बंद होतो. बहुतेक सूचना त्याच्यासोबतच वाया जातात. सगळ्या खिडक्या मिटल्या तरी तो पार्श्वभूमीत चालू असू शकतो, घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हांत पाहावं. किंवा ‘युजर-डेटा-डिर’ या सूचनेने त्याला वेगळाच फोल्डर द्यावा. मग तो पूर्णपणे स्वतंत्र ब्राउझर असतो. म्हापशात बसून बऱ्याच दुकानदारांचं जीएसटीचं काम पाहणाऱ्या सल्लागाराला हे फार उपयोगी: प्रत्येकाचा वेगळा शॉर्टकट, वेगळी लॉगिन, एकाचं विवरण दुसऱ्याच्या खात्यात भरलं जायची भीती कमी. विंडोजवर असा नवा फोल्डर देताना ‘लँग’ या सूचनेला एमआर ही अक्षरं जोडली, तर क्रोमचे मेनूही मराठीत येतात.

लिनक्सवर ही ओळ डेस्कटॉप या प्रकारच्या फायलीत ‘एक्झेक’ या शब्दापुढे असते, आणि स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातल्या खेळांना प्रॉपर्टीजमध्ये लाँच ऑप्शन्सची वेगळी चौकटच आहे.

सोय जेवढी मोठी, तेवढाच तिचा गैरवापरही. ब्राउझर उघडताच कुठलंतरी भलतंच पान येत असेल आणि सेटिंग्जमध्ये काहीच सापडत नसेल, तर टार्गेटची चौकट उघडून पाहा. फुकट डाउनलोड केलेल्या एखाद्या प्रोग्रामने अवतरणचिन्हाच्या पुढे एक पत्ता चिकटवून ठेवलेला असण्याची शक्यता आहे. तो खोडला की काम झालं. ‘क्रोम वेगवान करा’ म्हणत फिरणाऱ्या व्हिडिओंत ‘नो-सँडबॉक्स’ ही सूचना दिसली, तर ती अजिबात घेऊ नका. 2008 मध्ये क्रोम आला तो वेबपानं बंदिस्त आवारात चालवण्याची रचना घेऊनच. ही सूचना ते कुंपण काढते. क्रोम स्वतः वर पट्टी दाखवून तसं बजावतो. ब्राउझर दुरून चालवू देणारी एक सूचना चोरट्या प्रोग्रामांनी कुकीज पळवायला वापरली, म्हणून 2025 मध्ये 136व्या आवृत्तीपासून नेहमीच्या प्रोफाइलवर ती चालेनाशी करण्यात आली.

आणि या ओळीत पासवर्ड कधीही लिहू नये. काही जुने हिशेबाचे आणि डेटाबेसचे प्रोग्राम तशी मुभा देतात. पण टास्क मॅनेजरमध्ये डीटेल्स टॅब उघडून स्तंभांच्या शीर्षकावर राइट क्लिक केलं आणि ‘कमांड लाइन’ हा स्तंभ निवडला, की चालू असलेल्या प्रोग्रामांच्या ओळी त्या खुर्चीत बसलेल्या कुणालाही जशाच्या तशा वाचता येतात.