पार्श्वभूमी : बोलत पळण्याचा वेग आणि ‘झोन 2’चा घोळ

रविवारचा लाँग रन किती हळू पळायचा, यावर धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये वाद ठरलेला. एक जण घड्याळाचा फोटो टाकतो, ‘पूर्ण वेळ झोन 2!’ (झोन म्हणजे हृदयाच्या ठोक्यांवरून पाडलेले जोराचे टप्पे.) दुसरा विचारतो, ‘कुठला झोन 2?’ लोक हसतात, पण प्रश्न खोडसाळ नाही.

सोबत्याशी बोलता येईल इतपतच पळा, ही कसोटी या घड्याळांच्या खूप आधीची. दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मनीत इंटरव्हल (थोडं अंतर जोरात, मग थोडी उसंत, पुन्हा जोरात) रुजले, आणि पुढे बराच काळ ट्रॅकवर स्टॉपवॉचचं राज्य होतं. ऑक्लंडमधल्या, बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका प्रशिक्षकाने उलटी वाट धरली. त्याने 800 मीटरवाल्यालाही डोंगरातल्या 35 किलोमीटरच्या फेरीवर पळवलं. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी एकाच दुपारी 800 आणि 5000 मीटरची सुवर्णपदकं घेतली. मात्र त्याने ‘हळू’ म्हटलं नव्हतं. तो पाव, अर्धा, पाऊण जोर अशी भाषा वापरायचा. ‘लांब आणि हळू’ हे बिरूद 1969 मध्ये अमेरिकेतल्या एका पुस्तिकेने रूढ केलं. तोवर जॉगिंगची लाट न्यूझीलंडहून ओरेगॉनमार्गे पसरली होती.

आपल्याकडे पुण्याची मॅरेथॉन 1983 पासूनची, पण नोकरदार चाळिशीवाले रस्त्यावर उतरले ते मुख्यतः 2004 मध्ये मुंबईची सुरू झाल्यावर. यातल्या बहुतेकांनी शाळेनंतर मैदान पाहिलेलं नव्हतं. आपला सोसवणारा वेग कोणता, याचा अंदाज पायांना नव्हता. तो घड्याळाकडून घ्यावा लागला. आणि घड्याळाला आकडा लागतो.

घोळ इथे सुरू होतो. आपल्या घड्याळात सहसा पाच झोन असतात, त्यात दुसरा म्हणजे आरामाचा. पण ‘80 टक्के सराव सोपा ठेवा’ हा सल्ला ज्या अभ्यासांतून आला, त्यांत तीनच झोन होते. ते स्कीइंग, रोइंग करणाऱ्या अव्वल खेळाडूंवरचे अभ्यास. तिथे सोपा तो झोन 1. झोन 2 म्हणजे दोन उंबरठ्यांमधला (पहिल्यापाशी श्वास जड होऊ लागतो, दुसऱ्यापाशी धाप लागते), धड सोपा नाही आणि धड कठीणही नाही असा मधला पट्टा, ज्यात ते खेळाडू फार कमी वेळ घालवत. म्हणजे ‘झोन 2 मध्ये राहा’ आणि ‘झोन 2 टाळा’ ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. व्हॉट्सअॅपवर फिरताना तळटीप गळून पडते.

त्यात पाच झोनांच्या सीमा बहुधा ‘220 वजा वय’ या, मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडतील ते सांगणाऱ्या सूत्रावर आखलेल्या. हे सूत्र 1971 च्या सुमाराचं; त्यासाठी कोणी स्वतंत्र प्रयोग केला नव्हता, उपलब्ध आकड्यांमधून अंदाजे रेघ ओढली होती. 2001 मध्ये नवं सूत्र आलं: 208 वजा वयाच्या 0.7 पट. चाळिशीत दोन्हींचं उत्तर 180. साठीत मात्र 160 आणि 166. शिवाय एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सर्रास. पंचेचाळिशीच्या नवख्याला जुन्या सूत्राने कमाल 175 मिळते, तिचे 60 ते 70 टक्के, म्हणजे घड्याळाचा झोन 2, होतात 105 ते 122. मे महिन्यात मरीन ड्राइव्हवर सकाळी सहाला तो नुसता दुडक्या चालीने निघाला तरी 140 दिसतात. मग बिचारा चालतो, आणि पळणं आपल्या नशिबात नाही असं ठरवतो. मला तरी यात दोष सूत्राचा दिसतो.

उकाड्यात त्याच वेगाला ठोके वाढत जातात. चढावर तर वेगाचा आकडा निरर्थकच. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन 2012 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून यवतेश्वराच्या घाटात हे दरवर्षी दिसतं. मनगटावर किलोमीटरला आठ मिनिटं, छातीत मात्र धाप. तिथे शेजारच्याला ‘पाणी कुठाय पुढे?’ एवढं अख्खं वाक्य विचारता आलं, तर वेग बरोबर.

गंमत म्हणजे हल्लीची काही घड्याळं पळून झाल्यावर विचारतात, ‘किती जड गेलं?’ आणि 1 ते 10 मधला आकडा निवडायला लावतात. मुळात ही कल्पना 1960 च्या दशकातली, स्वीडनची. तिथली पट्टी 6 पासून 20 पर्यंत होती, कारण आकड्याची दहापट केली की ठोके साधारण जुळायचे.