‘लेझी’ म्हणजे ‘सर्वांत छोटा मॅच’ नव्हे

कोड रिव्ह्यूमध्ये रेजेक्स (मजकुरातला हवा तो तुकडा शोधणारा पॅटर्न) म्हणून `".*"` दिसलं (डॉट म्हणजे कोणतंही अक्षर, `*` म्हणजे कितीही वेळा) की कोणीतरी लिहितंच, "ग्रीडी आहे, जमेल तितकं गिळतो, प्रश्नचिन्ह टाक." टाकलं जातं, पॅटर्न लेझी होतो, म्हणजे गरजेपुरतंच गिळतो, टेस्ट पास होते, मर्ज. `".*?"` आणि `"[^"]*"` (`[^"]` म्हणजे कोट सोडून कोणतंही अक्षर) एकच, पहिला फक्त डोळ्यांना बरा, हा समज त्यातूनच पसरतो.

ग्रीडीबद्दल लिहीत बसत नाही. तो शेवटच्या कोटपर्यंत धावतो, हे प्रत्येकाने एकदा तरी भोगलंय. पुढची ओळ बघा:

`"लाल", "निळा";`

सेमीकोलनला चिकटलेला शब्द हवा, म्हणून `".*?";` लिहिलं. हाती येते अख्खी ओळ! इंजिन डावीकडून निघतं आणि पहिल्याच कोटवर ठाण मांडतं. तिथून मॅच जमत असेल तर पुढे आणखी छोटा मॅच आहे का, हे ते बघतच नाही. लेझी असल्यामुळे एकेक अक्षर नाइलाजाने गिळतं, पण `";` सापडेपर्यंत गिळत राहतं. मधले कोटही गिळतं, कारण डॉटला कोट चालतो. प्रश्नचिन्हाची सत्ता मॅच कुठे संपतो एवढ्यावरच. तो कुठे सुरू होतो यावर काडीचीही नाही.

`"[^"]*";` मध्ये मात्र ‘आत कोट चालणार नाही’ हे पॅटर्नमध्येच लिहिलेलं आहे. पहिल्या कोटपासून निघालं की "लाल" नंतर स्वल्पविराम लागतो, तो प्रयत्न फसतो. पुढच्या कोटपासून `", "` जुळतं, पण त्यानंतर ‘न’ येतो, तेही फसतं. मग `"निळा";` मिळतं. म्हणून माझा नियम: शेवटची खूण एकाच अक्षराची असेल तर `[^…]`, चर्चा नको. शिवाय सेड (sed) या मजकूर बदलणाऱ्या कमांडमध्ये लेझी प्रकार नाहीच, `[^…]` तिथेही चालतं.

किरकोळ फरक: `[^"]` नवी ओळ ओलांडतो, डॉट सहसा नाही. आणि आत `\"` (मजकुराचाच भाग असलेला कोट) येऊ शकत असेल तर दोन्ही तोंडावर आपटतात, तेव्हा `"(?:[^"\\]|\\.)*"` लिहा.

शेवटची खूण अनेक अक्षरांची असेल, तर लेझीच बरा, उदा. HTML मधल्या कॉमेंटसाठी: `<!--.*?-->`. इथे `[^-->]*` लिहिणाऱ्यांना हात जोडून विनंती, थांबा. चौकटी कंसात ती खूण सलग राहत नाही, `-` पासून `>` पर्यंतची रेंज होते. त्या रेंजमध्ये 0 ते 9 हे सगळे अंकही येतात, त्यामुळे कॉमेंटमध्ये नुसतं वर्ष लिहिलं तरी मॅच तुटतो.