गोगलगायीचं कूळ तिच्या तोंडात

2022च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. इतका मऊ जीव रोप कुरतडतो तरी कशाने? तिच्या तोंडात रॅड्युला नावाची, कायटिनची (कीटकांच्या कवचात असतो त्या चिवट पदार्थाची) पट्टी असते आणि तिच्यावर आडव्या ओळींत हजारो सूक्ष्म दात. किसणीवर खोबरं किसावं तसा त्यांच्यावर पाला किसला जातो. पुढच्या ओळी झिजून गळतात, मागून नव्या सरकत येतात, आणि हे आयुष्यभर चालू राहतं.

हेच दात गोगलगायीचं कूळही सांगतात. पूर्वी वर्गीकरण व्हायचं ते मुख्यतः शंखावरून: आकार, रंग, वेटोळी. पण शंख फसवतो. दमट रानातल्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या, एकमेकींशी दूरचंही नातं नसलेल्या गोगलगायींचे शंख हुबेहूब दिसू शकतात. 1856 पासून फ्रान्झ ट्रोशेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने गोगलगायींच्या दातांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि संशोधकांची नजर शंखावरून तोंडाकडे वळली.

प्रत्येक ओळीत मधोमध एक दात असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पार्श्वदात आणि कडेला सीमांत दात. त्यांची संख्या, रुंदी आणि टोकं पाहायची. शंखी गोगलगायीचा मधला दात अगदी अरुंद, शेजारचे मात्र चांगले रुंद. सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणारी, डावीकडे वळणाऱ्या शंखाची एरिओफँटा घ्या. तिच्या एका ओळीत दातांची नुसती रांग लागलेली असते. त्याच रानात सायक्लोफोरस सापडते. तिच्या शंखाला झाकण असतं आणि ओळीत दात फक्त सात. सातच दात भातखाचरातल्या पायला या गोगलगायीच्या ओळीतही असतात! म्हणजे जमिनीवर शेजारी राहणाऱ्या या दोघींपैकी सायक्लोफोरसचं नातं एरिओफँटापेक्षा पाण्यातल्या पायलाशी जवळचं. गोगलगायींच्या वेगवेगळ्या घराण्यांनी वेगवेगळ्या वेळी पाणी सोडून जमीन गाठली, त्याची साक्ष हे दात देतात. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

पण दातही फसवतात. काही गोगलगायी शिकारी असतात, दुसऱ्या गोगलगायींना आणि गांडुळांना खातात. त्यांचे दात लांब, एकाच टोकाचे, कोयत्यासारखे बाकदार. एकोणिसाव्या शतकात अशा बऱ्याच शिकारी गोगलगायी एकाच गटात टाकल्या गेल्या. पुढे शरीररचनेच्या आणि नंतर डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की हे दात वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे घडले आहेत. आपल्याकडच्या स्ट्रेप्टॅक्सिड गोगलगायी आणि अमेरिकेतली युग्लँडिना यांचे दात सारखे दिसतात ते आहारामुळे, रक्ताच्या नात्यामुळे नव्हे. याच युग्लँडिनाला शंखी गोगलगायीचा बंदोबस्त करायला 1970च्या दशकात ताहिती आणि मूरिया बेटांवर सोडलं गेलं. तिने तिथल्या पार्टुला गोगलगायींच्या कित्येक जाती संपवल्या.

भारतातल्या गोगलगायींचं शरीर उघडून पाहण्याचं मोठं काम हेन्री गॉडविन-ऑस्टिनने केलं. काराकोरममध्ये के-टू शिखराच्या परिसराची मोजणी करणारा हाच तो सर्वेक्षक. शंख सारखे दिसणाऱ्या जाती तो आतल्या अवयवांवरून आणि दातांवरून वेगळ्या करायचा.

आजही सुरुवात तशीच होते. तोंडाचा स्नायुगोळा कापून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. मांस विरघळतं, कायटिन टिकतं. उरलेली पट्टी धुऊन, पसरून, तिच्यावर सोन्याचा पातळ थर देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की एकेका दाताचं टोक स्पष्ट दिसतं. पण त्यासाठी अल्कोहोलमध्ये जपलेलं शरीर लागतं. पश्चिम घाटातल्या कित्येक जातींचे जुने नमुने म्हणजे संग्रहालयातले नुसते रिकामे शंख. त्यांचे दात पाहायचे तर पावसाळ्यात पुन्हा त्याच रानात जाऊन जिवंत गोगलगाय शोधावी लागते.