विदर्भातून जहाजावर: सुरक्षा प्रशिक्षण, इंडोस, सीडीसी आणि लागणारे कागद

सोयाबीन घरात आलं की आमच्या केंद्रावर दोन गर्दी असतात. एक पीक विम्याच्या चौकशीची आणि दुसरी दहावी-बारावी होऊन बसलेल्या पोट्ट्यांची. त्यातला एखादा तरी मोबाइल पुढे करून विचारतो, ‘काका, हे खरं हाय का? दहावी पास, मर्चंट नेव्ही, राहणं-खाणं फुकट.’

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. समुद्र इथून सातशे-आठशे किलोमीटरवर. पण माझा पुतण्या मालवाहू जहाजावर आहे. त्याचे सगळे अर्ज याच टेबलावरून गेले आणि चुकाही इथेच झाल्या. त्यामुळे हा रस्ता कोणत्या क्रमाने चालायचा ते सांगू शकतो. क्रम उलटा झाला की पैसे जातात, वर्ष जातं, आणि पुढे जहाजावर जीवही जाऊ शकतो.

सगळ्यात आधी डोळे

आमच्या शेजारच्या गावातल्या एका मुलाने तूर विकून आलेले पैसे एका दलालाला दिले. अभ्यासक्रमाची जागा ‘बुक’ झाली, बॅग भरली, आणि मग वैद्यकीय तपासणीत कळलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. हे त्याला अठरा वर्षं माहीत नव्हतं. पऱ्हाटीचं बोंड आणि पान ओळखायला रंग लागतोच असं नाही, मग माहीत होणार कसं? पैसे परत आले नाहीत.

ठिपक्यांच्या वर्तुळात लपलेला आकडा वाचायची ही तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत होते. रात्री समोरच्या जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. ते जहाज कुठल्या दिशेने चाललंय हे त्यावरूनच ओळखायचं असतं, म्हणून रंगांधळेपणाला माफी नाही. डेकवर काम करायचं तर नजरेचा नियम कडक आहे, इंजिन विभागात थोडा सैल. गावातल्या डॉक्टरचं फिटनेस पत्र चालत नाही. नौवहन महासंचालनालयाने, म्हणजे डीजी शिपिंगने, मान्यता दिलेल्या डॉक्टरचंच लागतं. त्या डॉक्टरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. हे प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, अठरा वर्षांखालच्यांना एकच वर्ष.

नाव एकच असू द्या

दुसरी पायरी पासपोर्टची, आणि विदर्भातल्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे ‘आय’ तर कुठे ‘वाय’. घरकुलाच्या अर्जाला हे चालून जातं, जहाजाला नाही, कारण पुढचा प्रत्येक कागद पासपोर्टवरच्या नावाशी जुळवून बघतात. दहावीची गुणपत्रिका हा पाया धरा. त्यात चूक असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत अमरावती किंवा नागपूर विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव द्या. मग आधार त्याप्रमाणे करून घ्या, आणि पासपोर्ट त्यानंतरच.

छत्तीस पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा. नागपूरला पासपोर्ट सेवा केंद्र आहे आणि काही ठिकाणी मुख्य टपाल कार्यालयातही सोय आहे. दहावीची गुणपत्रिका जोडायला विसरू नका. ती जोडली की परदेशी नोकरीसाठी लागणाऱ्या वेगळ्या परवानगीचा शिक्का पासपोर्टवर येत नाही. पोलीस पडताळणीच्या वेळी पोलीस पाटलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुतण्याच्या वेळी ते वावरात होते आणि शिपाई दोनदा परत गेला.

इंडोस क्रमांक

इंडोस म्हणजे भारतीय खलाशांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला तुमचा क्रमांक. तो जन्मभर एकच राहतो आणि त्याच्याशिवाय कुठल्याही मान्यताप्राप्त समुद्री अभ्यासक्रमाला बसता येत नाही. अर्ज डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर करायचा. पासपोर्ट, जन्मतारखेचा पुरावा, दहावीची गुणपत्रिका, फोटो आणि सही स्कॅन करून ठेवा. मोबाइलवर काढलेला, मागे गोठ्याची भिंत दिसणारा फोटो परत येतो. पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसलेले, एवढं स्टुडिओवाल्याला सांगा. अर्जात मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचेच द्या, केंद्रचालकाचे किंवा एजंटाचे नकोत. माझेही नकोत. ओटीपी ज्याच्याकडे, खातं त्याच्याकडे.

पाच प्रमाणपत्रं, आणि ती विकत का घेऊ नयेत

जहाजावर पाय ठेवण्याआधी प्रत्येकाला सुरक्षेचं मूलभूत प्रशिक्षण लागतं, मग तो कॅप्टन होणार असो की स्वयंपाकी. हा नियम १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारातून आला आहे. त्यात चार भाग आहेत: पाण्यात जीव कसा वाचवायचा, आग कशी रोखायची आणि विझवायची, प्रथमोपचार, आणि स्वतःची सुरक्षा व सोबत्यांबद्दलची जबाबदारी. यांची आखूड नावं अनुक्रमे पीएसटी, एफपीएफएफ, ईएफए आणि पीएसएसआर. सीडीसीसाठी, म्हणजे खलाशाच्या ओळखपुस्तकासाठी, पाचवं प्रमाणपत्र जहाजाच्या संरक्षणाचं, एसटीएसडीएसडी. सगळं मिळून साधारण दोन आठवड्यांचं काम. संस्था बहुतेक मुंबई, नवी मुंबई, पुण्याकडे आहेत. संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही हे संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः बघा.

पहिल्या भागात जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून तलावात उडी मारावी लागते आणि उलटा पडलेला तराफा सरळ करावा लागतो. आमची मुलं विहिरीत, पाठीला वाळला भोपळा बांधून पोहायला शिकलेली. ती उडीला घाबरत नाहीत. पण जाकीट एका मिनिटाच्या आत अंगावर नीट बांधायचं म्हटलं की हात थरथरतात.

आगीच्या भागात धुराच्या अंधाऱ्या खोलीत पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मास्क आणि भिंतीला हात लावत चालणं. ज्यांनी जिनिंगमधली आग पाहिली आहे त्यांना हे पटकन कळतं. रुईची गाठ बाहेरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. जहाजाच्या तळघरात भरलेला कोळसाही तसाच, आतल्या आत तापतो.

आणखी एक गोष्ट बंदिस्त जागेची. तिच्यावर मी जास्त बोलतो, कारण ती आपल्याकडचीच आहे. वापरात नसलेल्या विहिरीत गाळ काढायला एक जण उतरतो आणि वर येत नाही. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तिसरा. दर उन्हाळ्यात पेपरात अशी बातमी असते. जुनी माणसं आधी दोराने कंदील सोडून बघत. विझला तर उतरायचं नाही. जहाजावरच्या टाक्या, साखळी ठेवायची खोली, कोळशाचं किंवा लाकडाचं तळघर यांत हेच घडतं. नुसता लोखंडाला गंज चढला तरी तो हवेतला ऑक्सिजन खातो. फरक इतकाच की तिथे कंदील अजिबात चालत नाही, कारण आत पेटणारा वायूही असू शकतो. मीटर लावून ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या जवळ आहे का बघायचं, हवा खेळवायची, लेखी परवाना घ्यायचा आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा. आत कुणी पडला तर त्या माणसाने उडी घ्यायची नाही, आधी अलार्म द्यायचा. २०१५ पासून अशा जागेतून माणूस काढण्याची कवायत दर दोन महिन्यांनी करणं सक्तीचं आहे.

आता सांगा, ही प्रमाणपत्रं ‘न जाता मिळवून देतो’ म्हणणाऱ्याकडून घ्यायची का? आमच्या टेबलावर अशी विचारणा येते. मी कागद परत करतो. पकडलं गेलं तर करिअर संपतं ते वेगळंच, पण ज्याने मास्क कधी चढवलाच नाही तो टाकीच्या तोंडाशी उभा राहिला तर आतल्या दोघांचं काय?

कोणता रस्ता

नुसती पाच प्रमाणपत्रं म्हणजे नोकरी नव्हे. त्यासाठी सागरपूर्व अभ्यासक्रम लागतो. दहावी झालेल्यांना जीपी रेटिंग, म्हणजे अधिकारी नसलेल्या साध्या खलाशाचा, सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम आहे. दहावीत विज्ञान, गणित आणि इंग्रजी हे विषय असावेत, एकूण किमान ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के गुण असावेत. प्रशिक्षण सुरू होताना वय साडेसतरा ते पंचवीस. शेवटी बाहेरची परीक्षा असते. आमच्या भागातली मुलं अडतात ती इंग्रजीच्या ४० टक्क्यांवर, ‘पास तर झालो’ म्हणून कुणी तो रकाना बघतच नाही.

बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेऊन ६० टक्के असतील आणि इंग्रजीत ५०, तर अधिकाऱ्याचा रस्ता उघडा आहे. इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्या. एक वर्षाची नॉटिकल सायन्सची, म्हणजे जहाज चालवण्याच्या शास्त्राची, पदविका, तीन वर्षांची बीएस्सी किंवा चार वर्षांचं मरीन इंजिनीअरिंग. मेकॅनिकलच्या पदवीधरांना एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. जीवशास्त्र घेऊन बारावी केलेल्यांनी मात्र गणिताशिवाय अर्ज भरून शुल्क वाया घालवू नये.

सीडीसी

सीडीसी हे खलाशाचं ओळखपुस्तक. तुम्ही कुठल्या जहाजावर कधी चढलात, कधी उतरलात याची नोंद त्यात होते. अर्ज ऑनलाइनच, इंडोसच्या खात्यातून. शिपिंग मास्टरची कार्यालयं मुंबई, कोलकाता आणि चेन्नईला आहेत. आपल्याला मुंबई सोयीची. पासपोर्ट, दहावीची गुणपत्रिका, इंडोस, पाचही प्रमाणपत्रं, फोटो, सही. पुस्तक दहा वर्षं चालतं. संसदेने २०२५ मध्ये नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावरची ताजी परिपत्रकं उघडून बघायची सवय ठेवा, दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर जाऊ नका.

आणि परदेशी सीडीसी पंधरा दिवसांत देतो म्हणणारा भेटला तर चहा पिऊन उठा.

नोकरी देणारा कोण आहे ते बघा

भारतातून खलाशी भरती करायला कंपनीकडे आरपीएसएल हा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी सार्वजनिक आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन हा करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी, पासपोर्ट यांचा खर्च तुमचा असू शकतो, ‘प्लेसमेंट’चा नाही. जहाजावर चढण्याआधी करारावर सही होते आणि एक प्रत तुमच्या हातात येते. पगार, पद, मुदत, परतीचा खर्च त्यात लिहिलेला असतो. इंग्रजी जड वाटलं तर शाळेतल्या सरांकडे घेऊन जा. लाजू नका, सोसायटीच्या कर्जाचा कागद तरी आपण कुठे वाचतो, आणि मग काय होतं ते ठाऊक आहेच.

चढल्यावर पहिल्या दिवशी

६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुग बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी पुढचा दरवाजा उघडा राहिल्याने उलटली आणि १९३ माणसं गेली. दरवाजा लावणारा झोपला होता. पण चौकशीत दोष कंपनीच्या कारभारापर्यंत पोचला. अशा अपघातांतून आयएसएम ही जहाजांच्या सुरक्षित कारभाराची आंतरराष्ट्रीय संहिता आली. १ जुलै १९९८ पासून काही प्रकारच्या जहाजांना आणि १ जुलै २००२ पासून बाकीच्या मोठ्या मालवाहू जहाजांना ती लागू झाली. प्रत्येक कंपनीने सुरक्षेची लेखी पद्धत ठेवायची, आणि किनाऱ्यावर एक नेमलेली व्यक्ती ठेवायची. तिला डीपीए म्हणतात. वरिष्ठ ऐकत नसेल तर खलाशी थेट तिला कळवू शकतो. तिचा क्रमांक जहाजावर लावलेला असतो. पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

पुतण्या सांगतो, खोलीत बिछान्याजवळच एक कार्ड असतं. तुमचा क्रमांक, जीवनौका कोणती, आग लागली तर तुम्ही कुठे उभे राहायचं, सगळं त्यावर. सात किंवा जास्त आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की तिथे पोचायचं. काम सुरू करण्याआधी कुणीतरी जहाज फिरवून दाखवतो. दाखवलं नाही तर मागायचं आणि न समजता सही करायची नाही. कोणत्याही चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा नियम आहे. तासांच्या नोंदवहीत आपले खरे तास लिहिले आहेत का ते वाचून मगच सही.

त्याची पाण्यातली आणि आगीची दोन प्रमाणपत्रं आता पाच वर्षांची झाली. ती दर पाच वर्षांनी ताजी करावी लागतात. सुट्टीवर आला आहे, घरी तूर सोंगणं चालू आहे, आणि त्याला परवाच्या विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट हवंय. वेटिंग ४१ दाखवतंय. तत्काळसाठी उद्या सकाळी लवकर दुकान उघडतो.