एका सिंहाच्या दोन नोकऱ्या: सिंगापूरची सौजन्य मोहीम आणि काइंडनेस मूव्हमेंट

सिंगापूरला जाऊन आलेल्या माणसाच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं, "तिथे सरकारनेच लोकांना चांगलं वागायला शिकवलंय, त्या सिंहाची मोहीम आहे ना!" सिंह, म्हणजे मोहिमेच्या फलकांवरचं कार्टून पात्र, खरा आहे आणि मोहीमही खरी आहे. फक्त त्या सिंहाने दोन ठिकाणी नोकरी केली. आधी १९७९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौजन्य मोहिमेत, नंतर १९९७ च्या सिंगापूर काइंडनेस मूव्हमेंटमध्ये. पहिलीला लोकांचं वागणं सुधारायचं होतं, दुसरीला थेट मनापर्यंत पोचायचं होतं. म्हणूनच एकीला जे जमलं ते दुसरीला जमलं नाही.

सौजन्य मोहिमेचं बी पर्यटनात होतं. सत्तरच्या दशकात तिथल्या पर्यटन मंडळाने परदेशी पाहुण्यांशी नीट वागा, असा प्रचार चालवला होता. पाहुण्यांसाठी हसू आणि शेजाऱ्यासाठी आठी, हे काही शोभणारं नव्हतं. जून १९७९ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी हाच विषय देशभराचा केला: पर्यटकांसाठी नव्हे, आपसात राहणं सुसह्य व्हावं म्हणून.

त्यामागे एक अगदी व्यवहारी अडचण होती. गृहनिर्माण मंडळाची स्थापना १९६० ची. पुढच्या वीस वर्षांत लाखो माणसं काम्पोंगमधून, म्हणजे पत्र्याच्या नाहीतर झावळ्यांच्या छपराच्या वस्त्यांमधून, उंच इमारतींत राहायला आली. चिनी, मलय, तमिळ कुटुंबं एकाच मजल्यावर. काम्पोंगमध्ये कोणाशी कसं वागायचं हे पिढ्यांनी ठरवून दिलं होतं; लिफ्टमध्ये अनोळखी माणसासोबत उभं असताना काय करायचं हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावरून खाली वस्तू फेकण्याचा प्रकार इतका बोकाळला की त्याला 'किलर लिटर' असं नावच पडलं. अशा गर्दीत माणसं एकमेकांवर प्रेम करोत न करोत, निदान रांगेत उभी राहिली तरी पुष्कळ.

म्हणून मोहिमेच्या मागण्या साध्या होत्या. कृपया म्हणा, आभार माना, रांग मोडू नका, गिऱ्हाइकाशी नीट बोला. इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ अशा चारही भाषांत फलक, शाळांत स्पर्धा, रेडिओ-टीव्हीवर गाणी. सुरुवातीला चिन्ह म्हणून एक हसरा चेहरा होता. १९८२ मध्ये त्याच्या जागी 'सिंगा' नावाचा सिंह आला आणि एका अख्ख्या पिढीच्या लहानपणात जाऊन बसला. ही मोहीम एकटी नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवं. १९६८ मध्ये स्वच्छतेची मोहीम झाली होती, १९७२ मध्ये 'दोनच पुरेत' हा कुटुंबनियोजनाचा प्रचार, आणि सौजन्याच्याच वर्षी मँडरिन बोलण्याचा आग्रह. सरकारने नागरिकांच्या दातापासून दंतमंजनापर्यंत लक्ष घालावं, अशी तिथली रीतच होती.

मला या मोहिमेत एक प्रामाणिकपणा दिसतो. तुम्हाला आतून काय वाटतं, याची तिला अजिबात पडलेली नव्हती. बस-कंडक्टरला 'थँक यू' म्हणताना तुमच्या मनात त्याच्याबद्दल आदर असो वा नसो, शब्द तोंडातून निघाला की सौजन्य मोहिमेचं काम झालं. याला कोणी वरवरचं म्हणेल. पण अनोळखी गर्दीत रोज दोनदा प्रवास करणाऱ्याला विचारा, वरवरचं सौजन्यसुद्धा किती मोलाचं असतं. विरार लोकलच्या दारात 'आधी उतरू द्या' हे दोन सेकंद पाळलं गेलं, तर आत उभ्या असलेल्यांच्या अंतःकरणाची कोण चौकशी करतो?

काइंडनेस मूव्हमेंटचा जन्म वेगळ्या पोटी झाला. १९९६ च्या नववर्ष संदेशात पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी अशी इच्छा व्यक्त केली की देश श्रीमंत झाला, आता समाज सुसंस्कृत आणि दिलदारही व्हावा. पुढच्या वर्षी ही चळवळ सुरू झाली. सौजन्य मोहीम सरकारी खात्याची होती. ही कागदावर ना-नफा संस्था, सरकारच्या पाठबळावर चालणारी. तिचं नातं जपानशीही जुळतं. १९६३ मध्ये टोकियो विद्यापीठाचे अध्यक्ष काया सेइजी यांनी पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांना छोट्याछोट्या भलेपणाचं आवाहन केलं आणि त्यातून तिथे 'छोट्या भलेपणाची चळवळ' उभी राहिली. याच जपानी चळवळीच्या पुढाकाराने १९९७ मध्ये टोकियोत वेगवेगळ्या देशांतल्या अशा संस्था एकत्र आल्या आणि त्यातून पुढे जागतिक काइंडनेस मूव्हमेंट झाली. १३ नोव्हेंबरचा जागतिक काइंडनेस दिवस तिथलाच.

गोंधळाचं खरं मूळ २००१ सालात आहे. त्या वर्षी सौजन्य मोहीम काइंडनेस मूव्हमेंटमध्ये विलीन झाली आणि सिंह ओघाने तिकडे गेला. लोकांना फरक कसा कळावा? तोच सिंह, तेच हसू, शाळेच्या भिंतीवर तसेच फलक.

फरक कळतो तो जेवणाच्या ट्रेमुळे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या स्वस्त आणि गजबजलेल्या खाद्यबाजारात, जेवण झाल्यावर ट्रे तसाच टेबलावर सोडून उठायची जुनी सवय होती. वर्षानुवर्षं विनवण्या झाल्या, फलक लागले, आणि लोक काही बधले नाहीत. शेवटी १ सप्टेंबर २०२१ पासून अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० सिंगापूर डॉलर दंड. लोक ट्रे उचलू लागले. सौजन्याची गोष्ट अशी शेवटी दंडाच्या पावतीपर्यंत नेता येते, कारण ट्रे ठेवला की नाही, हे डोळ्यांना दिसतं. वरच्या मजल्यावरची एकटी आजी आजारी पडली आणि तुम्ही तिच्यासाठी पेज नेली नाही, म्हणून कोणी तुम्हाला ताकीद देऊ शकत नाही. दिली, तर त्या पेजेत काही अर्थ उरणार नाही.

काइंडनेस मूव्हमेंटलाही ही अडचण कळत होती, पण सरकारी पैशाने चालणाऱ्या संस्थेला काहीतरी मोजून दाखवावंच लागतं. म्हणून 'ग्रेशियसनेस इंडेक्स', म्हणजे दिलदारपणाचा निर्देशांक, नावाचं दरवर्षीचं सर्वेक्षण आलं. लोकांना विचारायचं, तुमच्याशी कोणी चांगलं वागलं का, तुम्ही कोणाशी वागलात का. २०१२ मध्ये हा आकडा ६१ होता, २०१३ मध्ये ५३ वर घसरला. एका वर्षात लोकांची मनं आठ गुणांनी कोती झाली, हे माझ्या पचनी पडत नाही. त्या काळात तिथल्या गाड्या खच्चून भरत होत्या, बाहेरून येणाऱ्या कामगारांच्या संख्येवरून असंतोष होता. लोक बहुधा आपला त्रास सांगत होते आणि तो भलेपणाच्या रकान्यात नोंदवला गेला.

त्याच वर्षी, मे २०१३ मध्ये, सिंहाने राजीनामा दिला. खरंच. त्याच्या नावाने जाहीर पत्र निघालं: समाज दिवसेंदिवस चिडका होतोय, मी थकलो, भलेपणा ही मोहीम असू नये, तो आपल्यातच असायला हवा. प्रसिद्धीची युक्ती होती हे उघड आहे आणि काहींनी तिची टिंगलही केली. मला मात्र ते पत्र त्या संस्थेचा सर्वांत सरळ कागद वाटतो. मुखवटा घातलेल्या प्राण्याने फलकावरून दया शिकवायची, या कल्पनेतला विनोद त्यांनी स्वतःच कबूल केला. पुढे संस्थेने नागरिकांनीच सुरू केलेल्या छोट्या उपक्रमांना हात देण्यावर अधिक भर दिला. ते तिच्या स्वभावाला जास्त शोभतं.

आणि सौजन्य? ते नव्या नोकरीला लागलं. २०१४ मध्ये भू-परिवहन प्राधिकरणाने मेट्रोच्या स्टेशनांवर नवी कार्टून पात्रं आणली: उठून जागा देणारी स्टँड-अप स्टेसी, डब्यात आत सरकणारा मूव्ह-इन मार्टिन, उतरणाऱ्यांना वाट देणारी गिव्ह-वे ग्लेंडा. नंतर पाठीवरची बॅग खाली ठेवणारा बॅग-डाउन बेनी आणि फोनवर हळू बोलणारी हश-हश हॅना आली. प्रत्येकाच्या नावातच त्याचं काम लिहिलेलं आहे, आणि मन बदलण्याचं ओझं त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यावर नाही.