बोटीवरचं समुद्राच्या पाण्याचं कूलिंग आलं कुठून

हल्ली बोटींवर इन्व्हर्टर, एसी, चार्जर, इलेक्ट्रिक मोटरचे कंट्रोलर असं बरंच काही चढायला लागलंय, ते सगळं गरम होतं, आणि मग पुण्यातल्या वर्कशॉपवाल्यांना विचारणा येते की खाली एवढा समुद्र आहे तर त्याचंच पाणी थेट पंपाने फिरवून द्या की. कल्पना समजण्यासारखी आहे, कारण तेवढ्याच आकारमानात पाणी हवेच्या साधारण ३५०० पट उष्णता उचलतं आणि बोटीच्या इंजिनरूममध्ये हवा तशीही तापलेलीच असते. पण हे थेट फिरवण्याचं प्रकरण जवळजवळ दोनशे वर्षं जुनं आहे, आणि त्यात दर पिढीने खारं पाणी मशीनपासून आणखी एक पाऊल लांब नेलंय. हे माहीत नसलं की आजचं फिटिंग उगाच महागडं वाटतं.

सुरुवात वाफेच्या बोटींपासून. तेव्हा जेट कंडेन्सर असायचा, म्हणजे इंजिनातून बाहेर पडलेल्या वाफेवर समुद्राचं पाणी सरळ फवारायचं, वाफेचं पाणी व्हायचं, आणि ते सगळं खारट मिश्रण परत बॉयलरला द्यायचं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ह्यू लिंडसे बोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून निघून एप्रिलमध्ये सुएझला पोचली, त्या काळच्या बोटी अशाच चालायच्या. बॉयलरमध्ये पाणी उकळून जायचं आणि मीठ मागे राहायचं. इंजिनवाले ते मीठ बत्तिसाव्या भागात मोजायचे, समुद्राचं पाणी म्हणजे १/३२, आणि आकडा वाढला की बॉयलरमधलं गरम पाणी समुद्रात सोडून द्यायचं, त्याच्या जागी नवीन खारं पाणी घ्यायचं, म्हणजे कोळसा जाळून तापवलेलं पाणी रोज फेकायचं. शिवाय कॅल्शियम सल्फेटचा थर असा की पाणी जितकं जास्त गरम तितकं ते कमी विरघळतं, त्यामुळे बॉयलरचं प्रेशर वाढवायची सोयच नव्हती. समुद्री इंजिनांची सगळी प्रगती या थरापाशी अडली होती असं माझं स्पष्ट मत आहे.

१८३४ मध्ये सॅम्युअल हॉल नावाच्या इंग्लिश माणसाने सरफेस कंडेन्सरचं पेटंट घेतलं. त्यात नळ्यांच्या एका बाजूला वाफ, दुसऱ्या बाजूला समुद्राचं पाणी, दोघांची गाठभेटच नाही, आणि बॉयलरला तेच गोडं पाणी पुन्हा पुन्हा. १८३८ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या सिरियस बोटीवर हॉलचे कंडेन्सर होते. तरी लोकांनी ते लगेच उचलले नाहीत, कारण तेव्हा सिलिंडरला वंगण म्हणून प्राण्यांची चरबी वापरायचे, ती वाफेबरोबर येऊन नळ्यांवर बसायची, पुढे बॉयलरपर्यंत जाऊन त्याचा पत्रासुद्धा खायची. १८६० च्या दशकात जास्त प्रेशरची कंपाऊंड इंजिनं (तीच वाफ एकापाठोपाठ दोन सिलिंडरांत वापरणारी) आली तेव्हा मात्र दुसरा मार्गच उरला नाही आणि सरफेस कंडेन्सर सगळीकडे बसायला लागले. आज आपण हीट एक्स्चेंजर किंवा नुसतं कूलर म्हणून जे बसवतो ते मुळात हेच.

मग भांडण गेलं धातूकडे. त्याची मुळं त्याहूनही जुनी आहेत. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने जहाजांच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले, म्हणजे समुद्राने आधी ते खावेत आणि तांबं शाबूत राहावं. तांबं खरंच शाबूत राहिलं. पण तांबं विरघळत होतं म्हणून त्यावर शिंपलं चिकटत नव्हतं, ते विरघळायचं थांबलं तसं तळाला बार्नेकल (खडकाला चिकटतात तसे कवचवाले समुद्री जीव) धरायला लागले, बोटींचा वेग पडला, आणि ब्रिटिश नौदलाने तो नाद सोडला. कल्पना मात्र टिकली. आज प्रत्येक कूलरच्या झाकणात जी झिंकची, म्हणजे जस्ताची, पेन्सिल असते ती डेव्हीचीच. निम्मी खाल्ली गेली की बदलायची, आणि वर्षभर जशीच्या तशी दिसली तर जास्त काळजी करायची, कारण मग तिचा कनेक्शनच लागत नाहीये आणि समुद्र दुसरंच काहीतरी खातोय.

भोसरीत कूलर दुरुस्तीला येतात तिथे एकदा मुद्दाम बघण्यासारखं असतं. साध्या पितळेच्या नळ्यांचा जुडगा (बंडल) बाहेर काढला की पिवळी नळी आतून तांबूस झालेली दिसते, आकार तोच, जाडी तीच, पण बोटाने दाबली की बिस्किटासारखी तुटते. पितळेतलं जस्त निघून गेलेलं असतं आणि मागे उरतो तो तांब्याचा पोकळ सांगाडा. यावर उपाय म्हणून पितळेत १ टक्का कथील घातलं, ते ॲडमिरल्टी ब्रास, त्यात ७० टक्के तांबं आणि २९ टक्के जस्त. तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश युद्धनौकांच्या कंडेन्सर नळ्या इतक्या गळायच्या की नौदलात त्याला आजारासारखं नावच पडलं होतं, कंडेन्सरायटिस. त्यातून पुढे तांबं-निकेलचे मिश्रधातू आले, आणि ९०-१० क्युप्रोनिकेलमध्ये (९० टक्के तांबं, १० टक्के निकेल) थोडं लोखंड घातलं की ते वाहत्या पाण्याला चांगलं टिकतं हे कळलं. म्हणून आज कोणी स्वस्तात साध्या तांब्याची नळी टाकून देतो म्हटलं की मला राग येतो, अहो शंभर वर्षांपूर्वी हे सगळं भोगून झालंय.

डिझेल इंजिनं आली आणि तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीच्या कित्येक छोट्या इंजिनांच्या जॅकेटमधून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून, थेट खारं पाणी फिरायचं. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की क्षार बसतात म्हणून इंजिन मुद्दाम थंड ठेवावं लागायचं, आणि थंड इंजिन डिझेल नीट जाळत नाही, लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, लवकर झिजतो. म्हणून दोन सर्किट आली, आत कूलंट ८० अंशांच्या आसपास, बाहेर खारं पाणी, मध्ये कूलर. नळ्यांऐवजी पातळ प्लेटांचा प्लेट हीट एक्स्चेंजर तर १९२३ मध्ये दूध पाश्चराइज करायला निघाला, रिचर्ड सेलिगमन यांच्या एपीव्ही कंपनीकडून, नंतर टायटॅनियमच्या प्लेटा घालून तोच जहाजांवर चढला. कील कूलिंगने तर पुढची पायरी गाठली, कूलंटचे पाइपच तळाखाली बाहेर, खारं पाणी बोटीत येतच नाही.

यात पुणं कुठे असं विचाराल तर बऱ्याच ठिकाणी. खडकीत १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, कोथरूडला १९६२ पासून कमिन्स. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, तिथे १९४५ पासून नौदलाचे मरीन इंजिनिअर डोंगरावर शिकून समुद्रावर जातात. आणि खडकवासल्याची सीडब्ल्यूपीआरएस ही पाण्यावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था, किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रांनी सोडलेलं गरम पाणी फिरून परत इनटेकला येतं का याचा अभ्यास तिथे होतो. बोटीवर हाच प्रश्न छोट्या प्रमाणात असतो, एसीचं डिस्चार्ज आणि इंजिनचं सक्शन जवळजवळ काढलं की तोच घोळ.

आता नवीन सामानाकडे. इंजिनला ८० अंश चालतात, इन्व्हर्टरच्या कोल्ड प्लेटला, म्हणजे त्याला चिकटवलेल्या आतून कूलंट फिरणाऱ्या पत्र्याला, बहुतेक वेळा ४०-४५ च्या आसपासचं कूलंट लागतं, आणि समुद्राचं पाणी डिझाइनला ३२ धरायची पद्धत आहे. म्हणजे हातात दहा-बारा अंशच उरतात आणि कूलर वाटतो त्यापेक्षा बराच मोठा निघतो. कोल्ड प्लेट बहुतेक ॲल्युमिनियमची, तिच्यातून खारं पाणी सोडलं तर ती काही महिन्यांत भोकं पडून आतल्या इलेक्ट्रॉनिक्सवरच गळणार. त्यामुळे आत ग्लायकॉलचं बंद सर्किट, बाहेर सीकॉक (तळातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह), स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी), पंप, क्युप्रोनिकेल किंवा टायटॅनियमचा कूलर, एवढं लागतंच. सामान वॉटरलाइनच्या खाली असेल तर डिस्चार्जच्या पाइपाला वर नेऊन व्हेंटेड लूप (टोकाला हवा घेणारं वळण) ही द्यावा, नाहीतर पंप बंद असताना सायफन होऊन पाणी आत येतं. आणि कोकणातल्या खाडीत उभी राहणारी बोट असेल तर स्ट्रेनर एक साइज मोठाच घ्या, पावसाळ्यात गाळ इतका येतो की छोटा जाळीचा डबा रोज उघडावा लागतो, आणि तो अशा जागी बसवा की खलाशाला लादी न उचलता हात घालता येईल.