दीडशे रुपयांच्या पोतीवर सोनं किती?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. चोख सोन्यासाठी जळगावचं नाव आहे, त्यामुळे गिऱ्हाईक लांबून येतं. पण खान्देशात रोज गळ्यात जे दिसतं, ते बहुतेक वेळा सराफाकडचं नसतं. खरं सोनं कपाटात किंवा लॉकरमध्ये ठेवायचं आणि एसटीत, शेतात, बाजारात जाताना सोन्याचं पाणी दिलेली पोत घालायची, ही आता घरोघरची रीत झाली आहे. सोन्याचा भाव आणि साखळीचोर या दोघांनी मिळून ती लावली.

या पोतींचं एक कोडं असतं. एकीची दोन महिन्यांत लाल-काळी होते, तर शेजारणीची दोन दिवाळ्या होऊनही पिवळीधमक राहते. दुकानदाराला विचारलं तर ठरलेले शब्द ऐकू येतात: मायक्रो, वन ग्राम, बावीस कॅरेट पॉलिश, सहा महिन्यांची गॅरंटी. टिकण्याशी थेट संबंध असलेल्या दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. सोन्याचा थर किती जाड आहे आणि त्याच्या खाली कोणता धातू आहे?

थराचा अंदाज घरी बसल्या काढता येतो. एक घन सेंटिमीटर सोनं १९.३ ग्रॅम भरतं. आता वीस इंची साधी साखळी म्हणजे पन्नास सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड सळई आहे असं धरू. तिचं पृष्ठफळ साधारण ३० चौरस सेंटिमीटर येतं. कड्या वळणदार असल्यामुळे प्रत्यक्षात ते जास्तच भरेल. या साखळीवर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढा थर चढवायचा तर सुमारे ५८ मिलिग्रॅम सोनं लागेल. हिशेब सोपा जावा म्हणून ग्रॅमचा भाव १०,००० रुपये धरला, तर नुसत्या सोन्याचेच ५८० रुपये झाले. थर ०.१ मायक्रॉनचा केला तर ६ मिलिग्रॅम सोनं आणि ६० रुपये.

म्हणजे दीडशे रुपयांच्या पोतीवर एक मायक्रॉन सोनं असणं शक्यच नाही. धातू, घडाई, मजुरी, वाहतूक आणि दोन दुकानदारांचा नफा वजा केला तर तिच्यावर ०.१ मायक्रॉनही मोठ्या मुश्किलीने बसतं. काही पोतींवर सोनं नसतंच, पितळ चकचकीत करून वर पिवळसर पारदर्शक लाखेचा हात दिलेला असतो. उलट ‘वन ग्राम’ म्हणताना एका पोतीवर खरोखर एक ग्रॅम सोनं चढवलं असतं, तर थर १७ मायक्रॉनचा झाला असता आणि पोत दहा हजारांच्या खाली मिळाली नसती. त्या शब्दावरून वजनाचा अंदाज बांधू नये. बावीस कॅरेट पॉलिशचंही तसंच. त्यातून वरच्या थराची शुद्धता कळते, थर किती जाड आहे ते कळत नाही.

हा थर चढतो विजेने. सोन्याचे क्षार विरघळवलेल्या द्रावणात दागिना ऋण टोकाला जोडून लटकवतात आणि प्रवाह सोडतात. द्रावणातले सोन्याचे आयन दागिन्यापाशी येतात, एकेक इलेक्ट्रॉन घेतात आणि तिथेच धातू होऊन बसतात. इटलीच्या ब्रुन्यातेल्लीने १८०५ साली, व्होल्टाची विजेची बॅटरी निघाल्यावर पाचच वर्षांत, चांदीच्या पदकांवर असं सोनं चढवून दाखवलं. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी सायनाइडच्या द्रावणाचं पेटंट घेतलं आणि धंदा सुरू झाला. त्याआधी मुलामा द्यायचा म्हणजे सोनं पाऱ्यात कालवून लावायचं आणि पारा तापवून उडवायचा. त्या वाफेने कारागिरांचं आयुष्य उणं व्हायचं.

फॅरडेच्या नियमाने किती विजेत किती सोनं बसेल याचाही हिशेब लागतो. या द्रावणात एक अँपिअर प्रवाह तासभर चालला तर जास्तीत जास्त ७.३५ ग्रॅम सोनं बसतं. आपल्या साखळीला अँपिअरचा दहावा भाग दिला तर ०.१ मायक्रॉनचा थर अर्ध्या मिनिटात तयार होतो आणि एक मायक्रॉनला पाच मिनिटं लागतात. स्वस्त आणि महाग पोतीत फरक पडतो तो या साडेचार मिनिटांत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच पिवळ्या दिसतात, कारण रंग दिसायला ०.१ मायक्रॉन पुरेसा असतो.

मग पातळ थराचं बिघडतं कुठे? सोनं गंजत नाही, पण पातळ थराला भोकं असतात. ०.१ मायक्रॉन म्हणजे सोन्याच्या अणूंचे जेमतेम चारशेच्या आसपास थर. खालच्या पितळावर कुठे ओरखडा, कुठे धुळीचा कण असेल तिथे सोनं नीट बसत नाही आणि सूक्ष्म छिद्र राहतं. खापरावरचा मांडा हातावर फार ताणला की मधेच उजेड दिसायला लागतो, तसंच हे. मांडा ताणणाऱ्या बाईला ते भोक दिसतं तरी, पोतीवरचं दिसत नाही.

त्या छिद्रात घाम शिरला की खरा खेळ सुरू होतो. घामात मीठ, लॅक्टिक आम्ल आणि युरिया असतो आणि तो वीज वाहून नेतो. सोन्यासारखा ‘उच्च’ धातू आणि तांबं-जस्तासारखा ‘हलका’ धातू एकमेकांना चिकटून खारट पाण्यात बसले की तिथे एक चिमुकली बॅटरी तयार होते. तिच्यात सोनं सुरक्षित राहतं आणि हलका धातू विरघळत जातो. छिद्र जितकं लहान आणि भोवतीचं सोनं जितकं जास्त, तितका सगळा मारा त्या एका ठिपक्यावर येतो. म्हणूनच उघड्या पितळापेक्षा वाईट मुलाम्याखालचं पितळ कधीकधी लवकर खराब होतं. पितळातलं जस्त आधी निघून जातं आणि लालसर तांबं मागे उरतं. पोत ‘लाल पडते’ ती अशी. मानेवर उमटणारा हिरवा डाग तांब्याच्या क्षारांचा असतो. तो दिसायला वाईट, पण साबणाने निघतो.

इथे आपल्या हवेचा भाग येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. घाम येतो तसा वाळतो, पण त्यातलं मीठ पोतीवरच राहतं. दुपारी पुन्हा घाम आला की तो त्या मिठात मिसळून आणखी खारट होतो. रोज असे चार-पाच थर चढतात. त्यामुळे एखाद्या थंड गावात वर्षभर गेलेली पोत आपल्याकडे एका उन्हाळ्यात दम सोडते. दुकानदाराची सहा महिन्यांची गॅरंटी दिवाळीत घेतली तर आखाजीपर्यंत खरीही ठरते. खरी परीक्षा त्याच्यानंतर असते.

उपाय दोन: थर जाड करायचा आणि खालचा धातू बदलायचा. अमेरिकेच्या व्यापारी नियमांत ‘व्हर्मेल’ म्हणून विकायला ९२.५ टक्के चांदीवर किमान अडीच मायक्रॉन सोनं लागतं, आणि नुसतं ‘गोल्ड इलेक्ट्रोप्लेट’ म्हणायला ०.१७५ मायक्रॉन पुरतं. दोन्हींत चौदा पटींचं अंतर आहे. आपल्याकडेही ‘मायक्रॉन किती?’ हा प्रश्न विचारायला सुरुवात करावी. उत्तर आलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

खाली पितळ असेल तर मधे निकेलचा थर देतात. तो तांब्याला सोन्यात झिरपू देत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतो. मोबाईलच्या सिमकार्डावरच्या सोनेरी पट्ट्यांखालीही निकेलच असतं. दागिन्यात मात्र निकेल त्रासदायक ठरतं. सोनं झिजलं की ते कातडीला लागतं, आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांच्या मानेवर खाजरा चट्टा उठतो. युरोपात कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये असा नियम आहे. पॅन्टच्या बटणाखाली किंवा घड्याळाच्या पट्ट्याखाली खाज येणाऱ्यांनी पितळी पोतीच्या वाटेला जाऊ नये.

चांदीवरचा मुलामा मला जास्त प्रामाणिक वाटतो. छिद्रातून चांदी काळी पडते ती गंधकामुळे. पण काळेपणा पुसता येतो, हिरवा डाग पडत नाही आणि पोत मोडीत काढली तरी चांदीचा भाव हाती लागतो. किंमत अर्थातच चढी. दुसरा पर्याय स्टेनलेस स्टीलचा. त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचं अदृश्य कवच असतं, त्यामुळे छिद्रातून घाम गेला तरी खाली फारसं बिघडत नाही. ३१६एल हा प्रकार घामातल्या मिठाला आणखी चांगला तोंड देतो.

स्टीलच्या दागिन्यांवर हल्ली ‘पीव्हीडी’ लिहिलेलं दिसतं. यात निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ करतात, थोडा नायट्रोजन सोडतात, आणि दागिन्यावर टायटॅनियम नायट्राइडचा थर बसतो. हार्डवेअरच्या दुकानात ड्रिलचे पिवळे बिट मिळतात ना, तोच हा थर. रंग सोन्यासारखा आणि सोन्याच्या कितीतरी पट कठीण. कधी वरून खऱ्या सोन्याची हलकी झाक देतात, कधी तीही नसते. सोनं म्हणून याला फारशी किंमत नाही, पण रोज भांडी घासणारी, गर्दीत उभी राहणारी, उन्हात फिरणारी पोत हवी असेल तर याच्यासमोर पितळ टिकत नाही. कपाशी वेचायला जाताना घालायची पोत मला विचाराल तर मी हीच सांगेन, आणि लग्नसराईला चांदीवरची.

धातू ठरला तरी घडण उरते. विजेचा प्रवाह बाहेरच्या उंचवट्यांवर जास्त जातो आणि आतल्या खळग्यांत कमी पोचतो. त्यामुळे कडीच्या बाहेरच्या बाजूला सोनं जाड बसतं आणि जिथे एक कडी दुसरीत अडकते त्या आतल्या बाजूला पातळ. घासतं मात्र तिथेच. घट्ट विणीची नाजूक साखळी म्हणून लवकर लाल होते, मोठ्या, सुट्या कड्यांची जास्त टिकते. जुनी पोत उजेडात धरून पाहा: रंग आधी गेलेला असतो तो फासा, त्याच्या शेजारच्या दोन-तीन कड्या, मानेमागचा भाग आणि वाट्यांची पाठ. काळे मणी काचेचे असतात, म्हणजे सोन्यापेक्षा बरेच कठीण, आणि हलत्या पोतीत ते शेजारच्या सोनेरी मण्याला दिवसभर घासतात. तारेत ओवलेल्या पोतीपेक्षा मण्यांमधे दोऱ्याची गाठ असलेली पोत या बाबतीत बरी. पातळ मुलाम्याचं शुद्ध सोनं तसं मऊच असतं; त्यात किंचित कोबाल्ट मिसळलं की ते बरंच कठीण होतं. चांगल्या ठिकाणी रोजच्या वापरासाठी असाच ‘कठीण’ मुलामा देतात.

रंग टिकवायचे घरगुती उपाय बहुधा उलटे पडतात. चिंच आणि लिंबू वरचा काळेपणा काढतात, पण छिद्रातून आत शिरून पितळही खातात. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक भुकटी असते. ती थोडं थोडं करून सोनंच घेऊन जाते. अत्तर आणि डिओ आधी मारावं, वाळल्यावर पोत घालावी. संध्याकाळी काढून साध्या पाण्याने ओल्या केलेल्या सुती कापडाने पुसावी, मग कोरड्याने. मीठ निघालं की अर्धं काम झालं. बोअरच्या जड पाण्याने धुतली तर ती लगेच टिपावी, नाहीतर चुन्याचे पांढरे ठिपके बसतात. रबरात गंधक असतं, म्हणून चांदीवरची पोत रबर बँडमध्ये गुंडाळून ठेवू नये.

आणि ९१६ चा ठसा? तो हॉलमार्क खऱ्या बावीस कॅरेट दागिन्याचा असतो, सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. मुलाम्याच्या पोतीवर तो दिसला तर विकणाऱ्याकडून ती घेऊच नये.

रंग उडाल्यावर परत पॉलिश करून मिळतं. पितळी पोत असेल तर आधी उखडलेलं निकेल आणि गंज घासून काढावा लागतो, त्यात बारीक कड्या झिजतात, आणि खर्च नव्या पोतीच्या आसपास जातो. चांदीची किंवा जाड कड्यांची पोत मात्र दोन-तीनदा सहज पॉलिश होते. कारागिराला ‘पाणी द्या’ एवढंच न सांगता एक मायक्रॉन द्यायला सांगावं आणि सोनं चढवण्याआधी व चढवल्यावर पोत मिलिग्रॅमच्या काट्यावर तोलायला लावावी. वजनातली वाढ म्हणजेच चढलेलं सोनं. पृष्ठफळाचा हिशेब वर दिलाच आहे. घरी करायचं म्हणून बाजारात मिळणारी सायनाइडची द्रावणं मात्र आणू नयेत. आम्ल लागलं की त्यातून विषारी वायू सुटतो, आणि स्वयंपाकघरात आम्ल म्हणजे लिंबू, चिंच, व्हिनेगर सगळं हाताशीच असतं.